वापरलेल्या यांत्रिक नौकेचे खरेदीपूर्व मूल्यमापन : सावित्री खोऱ्याच्या विशेष संदर्भात

गोषवारा

वापरलेली यांत्रिक नौका विकत घेताना तिचे वय, इंजिनाची अश्वशक्ती आणि रंगरूप यांवरून किंमत ठरविण्याची प्रथा सर्वत्र आढळते. प्रस्तुत लेखात या प्रथेच्या मर्यादा स्पष्ट करून कागदपत्रे, बांधा, इंजिन आणि पाण्यावरील चाचणी या क्रमाने तपासणी कशी करावी व त्या तपासणीवरून वाजवी किंमत कशी काढावी, याचे विवेचन केले आहे. नौका ज्या पाण्यातून आली ते पाणी आणि ती ज्या पाण्यात जाणार आहे ते पाणी वेगळे असेल तर तिची अवस्था व मूल्य दोन्ही वेगळ्या रीतीने पाहावी लागतात, हे महाड-पोलादपूर परिसरातील सावित्री खोऱ्याच्या आधारे दाखविण्याचा प्रयत्न येथे आहे.

बीजशब्द : यांत्रिक नौका, उर्वरित आयुष्य, घसारा, सावित्री नदी, पूरबचाव

१. प्रस्तावना

रायगडाच्या पायथ्याशी वसलेले पाचाड हे राजमाता जिजाबाईंचा वाडा आणि समाधी यांमुळे महाराष्ट्राला परिचित आहे. डोंगरकुशीतील या गावाचा नौकेशी काय संबंध, असा प्रश्न प्रथमदर्शनी पडणे स्वाभाविक आहे. परंतु रायगडाच्या आसमंतात पडणारा पाऊस गांधारी आणि काळ या नद्यांवाटे सावित्रीलाच जाऊन मिळतो. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री पोलादपूर व महाड ओलांडून बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रास मिळते. घाटमाथ्यावरून उतरलेला माल महाडच्या बाजारपेठेत येई आणि तेथून खाडीमार्गे समुद्राकडे जाई. डिसेंबर १९२७ मधील महाडच्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी मुंबईहून निघाले ते जलमार्गानेच दासगावपर्यंत आले होते. पुढे रस्तेवाहतूक वाढली, नद्यांवर पूल झाले आणि या खोऱ्यातील लोकांचा नौकेशी असलेला दैनंदिन संबंध क्षीण होत गेला.

गेल्या दोन दशकांतील आपत्तींनी हा संबंध पुन्हा पुढे आणला आहे. जुलै २००५ मध्ये अतिवृष्टी व दरडी यांनी दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन ही गावे उद्ध्वस्त केली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्रीचा जुना पूल कोसळून एस.टी.च्या दोन बसगाड्यांसह वाहने पुरात वाहून गेली आणि पुढील अनेक दिवस नौकांच्या साहाय्याने शोध घ्यावा लागला. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पाण्याखाली गेले. त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळली. अशा वेळी बाहेरचे पथक पोहोचेपर्यंतचे पहिले काही तास स्थानिकांच्याच हाती असतात, आणि त्या तासांत उपयोगी पडते ती जवळ असलेली, चालू स्थितीतील नौका.

नवीन नौका व नवीन इंजिन यांचा खर्च ग्रामपंचायत, तरुण मंडळ, बचाव पथक किंवा खाडीतील लहान मच्छीमार यांपैकी बहुतेकांना परवडणारा नसतो. म्हणून किनाऱ्यावरील बंदरांतून वापरलेली नौका आणण्याचा विचार होतो. हा व्यवहार फसला तर दोन प्रकारची हानी संभवते. मच्छीमाराचे कर्ज फिटण्याआधी नौका निकामी होते. आणि बचावकार्यासाठी घेतलेली नौका नेमक्या प्रसंगी बंद पडल्यास वाचविणारेच संकटात सापडतात. यास्तव नौकेच्या परीक्षणाचा विचार केवळ व्यापारी दृष्टीने न करता सार्वजनिक सुरक्षेच्या दृष्टीनेही करणे अगत्याचे ठरते.

या लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

(अ) सावित्री खोऱ्यातील पाण्याचा नौकेच्या अवस्थेवर होणारा परिणाम स्पष्ट करणे.
(आ) तपासणीचा व्यवहार्य क्रम मांडणे.
(इ) तपासणीच्या निष्कर्षांवरून वाजवी किंमत काढण्याची रीत उदाहरणासह दाखविणे.

२. पाण्याचा स्वभाव : मूल्यमापनाचा पहिला निकष

नौका तीच असली तरी समुद्रातील तिचे वर्तन आणि गोड्या पाण्यातील तिचे वर्तन यांत फरक पडतो. समुद्राच्या पाण्याची घनता दर घनमीटरला सुमारे १,०२५ किलोग्रॅम, तर गोड्या पाण्याची १,००० किलोग्रॅम असते. माणसे व सामान धरून एकूण २,००० किलोग्रॅम वजनाची नौका समुद्रात सुमारे १,९५१ लिटर पाणी बाजूला सारून तरंगते. गोड्या पाण्यात तिला २,००० लिटर पाणी सारावे लागते. म्हणजेच पाण्यावरील काठाची उंची पूर्वीइतकीच राखायची असेल तर सुमारे ४९ किलोग्रॅम भार कमी करावा लागेल. हा जवळजवळ एका माणसाचा भार आहे. प्रत्यक्षात नौका काही मिलिमीटरच अधिक बुडते, हे खरे. परंतु किनाऱ्यावरील विक्रेत्याने सांगितलेली माणसांची संख्या पुराच्या पाण्यात काटेकोरपणे कमी धरावी, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

दुसरा फरक धातूंच्या क्षरणाचा आहे. पंखा, शाफ्ट, सुकाणू हे भाग वेगवेगळ्या धातूंचे असल्याने खाऱ्या पाण्यात त्यांच्यामध्ये विद्युत्-रासायनिक क्रिया घडते आणि त्यांतील दुर्बळ धातू झिजतो. ही झीज स्वतःवर घेण्यासाठी तळाशी जस्ताचे तुकडे बसविलेले असतात. गोड्या पाण्यात जस्तावर थर जमून ते निष्क्रिय होते. तेथे मॅग्नेशियम आणि मचूळ पाण्यात ॲल्युमिनियम अधिक योग्य ठरते. सावित्रीच्या खालच्या टप्प्यात उन्हाळ्यात भरतीबरोबर मचूळ पाणी वर येते आणि पावसाळ्यात गोडे पाणी वाहते. म्हणून समुद्रावरून आणलेल्या नौकेचे जस्ताचे तुकडे न बदलता ती वापरणे म्हणजे शाफ्टला विनासंरक्षण सोडणे होय.

तिसरी बाब बांध्याच्या साहित्याशी निगडित आहे. लाकूड पोखरणारा टेरेडो हा शंखवर्गीय प्राणी खाऱ्या पाण्यात फोफावतो. गोड्या पाण्यात तो तग धरीत नाही. याउलट लाकडाची कुज ही मुख्यतः गोड्या पाण्याची देणगी आहे. कोकणातील पावसाचे पाणी डेकच्या कोपऱ्यांत साचून राहिले की तेथून कुज सुरू होते. फायबरच्या बांध्यात पाणी शिरून जे फोड येतात त्यांचा वेग खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या आणि उबदार पाण्यात अधिक असतो. म्हणजे समुद्रात अनेक वर्षे निर्दोष राहिलेली फायबरची नौका नदीत कायम तरंगत ठेवल्यास तिच्यात नवा दोष उद्भवू शकतो. तिचा वापर संपताच ती पाण्याबाहेर काढून कोरडी ठेवण्याची सोय आहे काय, हा प्रश्न खरेदीपूर्वीच सोडवावा लागतो.

चौथी बाब गाळाची. पुराच्या पाण्यातील वाळू व माती थंडाव्याच्या पंपातून फिरते आणि पंपाच्या रबरी चक्राची व शाफ्टच्या बेअरिंगची झीज करते. ओंडके, तारा, प्लॅस्टिक यांचा पंख्याला होणारा उपद्रव वेगळाच. यामुळे खोल समुद्रासाठी बांधलेली जड, अधिक खोल बुडणारी नौका स्वस्त मिळाली तरी महाडच्या उथळ पात्रात ती महागच पडते.

३. कागदपत्रांची तपासणी

नौका पाहण्यापूर्वी कागद पाहावेत, हा क्रम सहसा उलटा केला जातो. नौका मनात भरली की कागदांतील उणिवा क्षुल्लक वाटू लागतात. मासेमारीच्या नौकांची नोंदणी व परवाना मत्स्यव्यवसाय विभागाकडे असतो. प्रवासी व अन्य अंतर्गत जलयानांचा विषय १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाच्या कक्षेत येतो. १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ नुसार यंत्राने चालणाऱ्या जलयानाची तपासणी व नोंदणी बंधनकारक आहे. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमात सावित्री नदी अर्थात बाणकोटची खाडी राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ८९ म्हणून समाविष्ट आहे. त्यामुळे नदी आपलीच आहे, कागद कोण विचारतो, ही समजूत टिकणारी नाही.

पाहावयाच्या बाबी अशा : नोंदणी प्रमाणपत्रावरील नाव आणि विक्रेत्याचे नाव एकच आहे काय, बांध्यावरील क्रमांक व इंजिनावर कोरलेला क्रमांक प्रमाणपत्राशी जुळतो काय, इंजिन बदलले असल्यास त्याची नोंद झाली आहे काय, बँक, सहकारी संस्था वा शासकीय योजनेचे कर्ज नौकेवर आहे काय, दंड किंवा खटला प्रलंबित आहे काय, विमा कोणत्या रकमेचा व कोणत्या वापरासाठी आहे. कर्ज असल्यास ते फिटल्याचा लेखी दाखला हाती येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये. मच्छीमाराच्या बाबतीत आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. परवाना नव्या मालकाच्या नावे होऊ शकला नाही तर डिझेलवरील करपरताव्यासारख्या सवलतींवर पाणी सोडावे लागते, आणि नौकेचे उत्पन्नमूल्य लगेच घटते.

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवरील हल्लेखोरांनी ‘कुबेर’ ही पोरबंदरची मासेमारी नौका बळकावून तिचा वापर केला. त्यानंतर देशभर नौकांची नोंदणी, रंगसंकेत व खलाशांची ओळखपत्रे यांबाबत कठोरता आली. मालकी न पालटता केवळ साध्या कागदावर लिहून घेतलेली नौका ही आज विकत घेणाऱ्यासाठी मालमत्तेपेक्षा जोखीमच अधिक आहे.

वापराचा बदल हा त्याहून गंभीर विषय होय. ७ मे २०२३ रोजी केरळमधील तानूर येथे पर्यटकांची नौका उलटून २२ जणांना जीव गमवावा लागला. ती मुळात मासेमारीची नौका होती. तिचे रूपांतर करून तीत क्षमतेपेक्षा अधिक प्रवासी घेतले गेले होते. मासेमारीच्या नौकेत भार तळाशी, जाळी व बर्फ यांच्या रूपाने असतो. वर मजला चढवून माणसे बसविली की गुरुत्वमध्य उंचावतो आणि तोल बिघडतो. म्हणून मासेमारीची नौका प्रवासी वाहतुकीसाठी घ्यावयाची असेल तर स्थैर्याची स्वतंत्र तांत्रिक तपासणी आणि सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी यांशिवाय तिला प्रवासी नौकेची किंमत देणे अयोग्य होय.

४. बांध्याचे परीक्षण

इंजिन बदलता येते. बांधा बदलता येत नाही. म्हणून तपासणीचा अधिक वेळ बांध्याला द्यावा. यासाठी नौका पाण्याबाहेर असणे आवश्यक आहे. पश्चिम किनाऱ्यावर जून व जुलै या महिन्यांत यांत्रिक मासेमारीस बंदी असल्याने नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. हा काळ परीक्षणास सर्वांत अनुकूल होय. नारळी पौर्णिमेच्या सुमारास हंगामाची तयारी म्हणून डागडुजी व रंगकाम होते. ताजा रंग भेगा, फोड व जुन्या जोडण्या झाकतो. त्यामुळे रंग लागण्यापूर्वी पाहिलेली नौका आणि रंगानंतर पाहिलेली नौका यांत माहितीच्या दृष्टीने फार अंतर पडते.

प्रथम नाळेसमोर आणि नंतर मागे उभे राहून दोन्ही बाजू समान आहेत काय, तळाची रेषा सरळ आहे काय, हे पाहावे. तळ कोठे दबलेला किंवा फुगलेला असेल तर आतील फासळी मोडल्याची शक्यता असते. नंतर लहान लाकडी हातोडीने हातभर अंतरावर ठोकत जावे. निरोगी फायबरचा आवाज कणखर व सारखा येतो. थर सुटलेल्या किंवा पाणी मुरलेल्या जागी तो बोद येतो. अशा जागा खडूने आखून घ्याव्यात, म्हणजे दोषाचे क्षेत्र किती हे डोळ्यांना दिसते. एका बिंदूपासून ताऱ्यासारख्या फुटलेल्या भेगा आघात सुचवितात, तर समांतर भेगा त्या भागाची सततची लवचिक हालचाल, म्हणजे आधार कमी पडल्याचे लक्षण असतात. तळावरील फोड टोचल्यावर आंबूस वासाचा द्रव निघाल्यास पाणी थरांत शिरले आहे असे समजावे.

आउटबोर्ड इंजिन ज्या मागच्या उभ्या भिंतीवर टांगलेले असते तिची परीक्षा विशेष काळजीने करावी. या भिंतीत बहुधा लाकूड वा प्लायवूड असून त्यावर फायबरचे थर असतात. इंजिनाच्या खालच्या भागावर हाताने जोर देऊन ते वरखाली हलवावे. भिंत लवत असेल किंवा बोल्टभोवती भेगा व तपकिरी ओल दिसत असेल तर आतील लाकूड कुजले आहे. ही दुरुस्ती खर्चिक असते, आणि ती टाळल्यास भर प्रवाहात इंजिन निखळण्याचा धोका राहतो.

लाकडी नौकेत टोकदार टोचणीने फळ्यांची टोके, तळकण्याजवळचे सांधे आणि डेकखालचे कोपरे तपासावेत. टोचणी विनासायास आत शिरली तर ते लाकूड बदलावेच लागेल. खिळ्यांभोवतीचे काळे डाग गंज दर्शवितात. जुन्या लाकडी बांध्यावर फायबरचे आवरण चढविलेल्या नौकांबाबत अधिक सावध राहावे. आवरण चढविताना लाकूड पुरेसे कोरडे नसेल तर ओल आतच कोंडली जाते आणि बाहेरून नवी दिसणारी नौका आतून पोकळ होत राहते. अशा नौकेचे परीक्षण आतल्या बाजूने, फासळ्यांच्या तळाशी टोचणी लावून करावे.

लाकडाच्या मोलाची जाण या परिसराला परकी नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड मिळविताना कोणती झाडे परवानगीने तोडावीत आणि रयतेने लेकरांसारख्या वाढविलेल्या आंबा-फणसांना हात का लावू नये, याचे मार्गदर्शन आहे. जीर्ण झाड घ्यायचेच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, हा त्यातील दंडक आजच्या कोणत्याही खरेदीला लागू पडावा असा आहे.

पूरबचावासाठी हवा भरलेल्या रबरी नौकांचाही विचार होतो. त्यांच्या बाबतीत सर्व कप्प्यांत पूर्ण हवा भरून नौका चोवीस तास सावलीत ठेवावी. तापमानामुळे पडणारा किरकोळ फरक वगळता कोणताही कप्पा नरम पडता कामा नये. सांध्यांवर साबणाचे पाणी लावल्यास गळती बुडबुड्यांवरून कळते. कापड बोटाला चिकट लागत असेल किंवा सांध्यांतील गोंद सुटू लागला असेल तर ती नौका दुरुस्तीच्या पलीकडे गेली आहे असे मानणे इष्ट. उन्हात उघडी ठेवलेली अशी नौका न वापरताही म्हातारी होते.

५. इंजिनाचे परीक्षण

इंजिन पाहण्यास जाताना ते आधीच तापवून ठेवलेले नाही ना, हे हात लावून पाहावे. थंड अवस्थेत सुरू होण्यास लागणारा वेळ हा इंजिनाच्या प्रकृतीचा विश्वसनीय पुरावा असतो. सुरू झाल्यावर निघणारा धूर काळा असेल तर इंधन पूर्ण जळत नाही किंवा इंजिनावर अधिक भार आहे. निळसर असेल तर वंगणतेल जळते आहे. पांढरा धूर इंजिन तापल्यानंतरही टिकून राहिला तर सिलिंडरमध्ये पाणी जाण्याची शंका घ्यावी. तेलाची पट्टी बाहेर काढल्यावर तेल दुधाळ दिसणे हे पाणी मिसळल्याचे लक्षण होय. सर्व सिलिंडरांचा दाब मेकॅनिककडून मोजून घ्यावा. आकडा किती यापेक्षा सिलिंडरांमधील तफावत अधिक बोलकी असते.

आउटबोर्ड इंजिनात थंडाव्याच्या पाण्याची धार अखंड व जोमदार पडते काय, हे पाहावे. मोटारीचे इंजिन नौकेस जोडलेले असेल तर थंडाव्याची यंत्रणा व गिअर जलवापरासाठी योग्य आहेत काय, याची खातरजमा करावी. शाफ्ट हाताने हलवून पाहिल्यास बेअरिंगची झीज कळते. पंख्याच्या पात्यांचे वाकलेपण, दाते आणि जुने वेल्डिंग नजरेतून सुटू देऊ नये.

महाड परिसराच्या दृष्टीने एक तपासणी स्वतंत्रपणे नमूद करणे आवश्यक आहे. कधीकाळी पुरात बुडालेले इंजिन धुऊन-पुसून विक्रीस येऊ शकते. फ्लायव्हीलच्या आवरणाखालील बारीक गाळ, विजेच्या जोडण्यांवरील हिरवट थर, बोल्टांच्या खाचांतील गंज आणि वायरींच्या आवरणात शिरलेली माती या खुणा सहसा पूर्णपणे पुसल्या जात नाहीत. असे इंजिन आज चालले तरी त्याचा भरवसा धरता येत नाही.

कमी तास चाललेले इंजिन चांगलेच असते, हाही एक गैरसमज आहे. बचावकार्याची नौका वर्षातील बराच काळ पडून असते. पडून राहिलेल्या इंजिनात रबरी चक्र एका बाजूला चिकटते, बॅटरी उतरते आणि टाकीतील पेट्रोल बिघडते. २०२५ पर्यंत देशातील पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला गेला. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. प्रमाण वाढले की पाणी व इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळे होतात. कोकणातील दमट हवेत हा धोका अधिकच संभवतो. जुन्या इंजिनाच्या इंधननळ्या अशा पेट्रोलला टिकणाऱ्या आहेत काय, हे विचारून त्या बदलण्याचा खर्च किमतीत धरावा.

६. पाण्यावरील चाचणी

जमिनीवर निर्दोष ठरलेली नौकाही चाचणीशिवाय घेऊ नये. चाचणी अपेक्षित भारासह घ्यावी. माणसांऐवजी पाण्याचे कॅन किंवा वाळूच्या गोण्या वापराव्यात. निघण्यापूर्वी तळातील सर्व पाणी उपसावे आणि परतल्यावर साचलेले पाणी मोजावे. अर्ध्या-पाऊण तासात किती लिटर पाणी आत आले, हा आकडा विक्रेत्याच्या कोणत्याही ग्वाहीपेक्षा अधिक खात्रीचा असतो.

नदीत वेग मोजताना प्रवाहाचा परिणाम वगळावा लागतो. समजा, प्रवाहाविरुद्ध वेग ताशी १२ किलोमीटर आणि प्रवाहाबरोबर १८ किलोमीटर आला, तर स्थिर पाण्यातील वेग दोहोंची सरासरी म्हणजे १५ आणि प्रवाहाचा वेग ३ किलोमीटर होय. एकूण अंतरास एकूण वेळेने भागल्यास उत्तर १४.४ येते व ते चुकीचे असते, कारण प्रवाहाविरुद्ध जाताना अधिक वेळ खर्च होतो. पूर्ण वेगात इंजिनाचे फेरे निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेपर्यंत पोहोचत नसतील तर पंखा अयोग्य आहे, तळ शेवाळला आहे किंवा इंजिन थकले आहे. पुराच्या प्रवाहात उपयोग करावयाचा असल्यास वेगाची पुरेशी शिल्लक असणे अनिवार्य आहे. शांत पाण्यात कशीबशी धावणारी नौका पुरात जागची हलणार नाही.

याखेरीज दोन्ही दिशांना वळण, उलटा गिअर, एकदम थांबणे आणि तापलेले इंजिन बंद करून पुन्हा सुरू करणे या चार गोष्टी तपासाव्यात. चाचणी वर्दळीपासून दूर व सर्वांनी जीवरक्षक जाकीट घालूनच करावी. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईजवळ ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान नौका धडकली, तेव्हा त्या नौकेच्या इंजिनाची चाचणीच चालू होती. इंजिनाची चाचणी हा स्वतःच एक जोखमीचा प्रसंग असतो, याचे ते दुःखद उदाहरण होय.

७. किमतीची निश्चिती

वापरलेल्या वस्तूचे मूल्य तीन मार्गांनी काढता येते : समान नौकांच्या अलीकडील व्यवहारांशी तुलना, नव्या नौकेच्या किमतीतून घसारा वजा करणे आणि नौकेपासून मिळणाऱ्या निव्वळ उत्पन्नाचा अंदाज. नौकांचे व्यवहार थोडे आणि त्यांच्या खऱ्या किमती बहुधा अप्रकट असल्याने पहिला मार्ग एकट्याने पुरेसा ठरत नाही. तिसरा मार्ग मच्छीमारास उपयुक्त आहे. परंतु बचाव नौकेस उत्पन्नच नसल्याने तेथे तो लागू होत नाही. म्हणून दुसरा मार्ग पायाभूत मानावा. मात्र संपूर्ण नौकेवर एकच घसारा न आकारता प्रत्येक घटकाचे उर्वरित आयुष्य वेगळे धरावे.

पुढील उदाहरणातील सर्व आकडे केवळ रीत समजण्यासाठी गृहीत धरले आहेत. तशीच नवी नौका ८,००,००० रुपयांना मिळते असे मानू. त्यात बांधा ४,५०,०००, इंजिन २,५०,००० आणि साहित्य १,००,००० रुपयांचे.

बांधा : आयुष्य २० वर्षे, वापर ८ वर्षे, उर्वरित ६० टक्के, म्हणजे २,७०,००० रुपये.
इंजिन : आयुष्य ५,००० तास, वापर ३,५०० तास, उर्वरित ३० टक्के, म्हणजे ७५,००० रुपये.
साहित्य : उर्वरित ४० टक्के, म्हणजे ४०,००० रुपये.
एकूण : ३,८५,००० रुपये.
वजा तातडीच्या दुरुस्त्या : मागची भिंत ६०,०००, शाफ्ट व बेअरिंग २५,०००, जीवरक्षक साधने १५,०००, एकूण १,००,००० रुपये.
शिल्लक : २,८५,००० रुपये.
वजा न दिसलेल्या दोषांसाठी १० टक्के, म्हणजे २८,५०० रुपये.
वाजवी किंमत : २,५६,५०० रुपये.

विक्रेता ३,५०,००० रुपये मागत असेल तर मतभेद नेमका कोणत्या घटकावर आहे, हे या मांडणीमुळे दाखविता येते आणि घासाघिशीला आधार मिळतो. येथे एक दक्षता घ्यावी. एकच उणीव दोनदा वजा होता कामा नये. इंजिनाचे संपूर्ण नूतनीकरण दुरुस्तीखर्चात धरले तर त्याचे उर्वरित आयुष्य ३० टक्क्यांवर ठेवणे विक्रेत्यावर अन्यायाचे होईल. वाजवी किंमत म्हणजे सर्वांत कमी किंमत नव्हे; दोन्ही पक्षांना कारणासह सांगता येईल अशी किंमत होय.

या रकमेनंतर स्थानांतराचा विचार करावा. किनाऱ्यावरून महाडपर्यंत वाहनाने आणण्याचा खर्च, जस्ताच्या जागी योग्य धातूचे तुकडे, नोंदणी बदल, विमा आणि निवाऱ्याची शेड हा खर्च विकत घेणाऱ्याचा असतो. बचाव नौकेसाठी दरवर्षीच्या देखभालीची व महिन्यातून एकदा इंजिन चालविण्याच्या इंधनाची तरतूदही त्याच ठरावात करावी. अशी तरतूद नसलेली स्वस्त नौका तीन वर्षांत भंगाराच्या भावाची होते.

काही दोष मात्र किमतीत वळते करता येत नाहीत. मालकी संशयास्पद असणे, तळकण्याला तडा असणे, बांधा पिळवटलेला असणे आणि विक्रेत्याने पाण्यावरील चाचणीस नकार देणे, या चार प्रसंगी किंमत कितीही उतरली तरी व्यवहार सोडून देणेच श्रेयस्कर.

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की वापरलेल्या नौकेचे मूल्य तिच्या वयात किंवा रंगात नसून तिच्या उर्वरित सुरक्षित आयुष्यात असते. आणि ते आयुष्य ती कोणत्या पाण्यात, कोणत्या कामासाठी व कोणाच्या देखभालीखाली जाणार यावर अवलंबून असते. श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर योग्य किमतीची ठरणारी नौका दासगावच्या खाडीत महाग आणि महाडच्या पुरात धोकादायक ठरू शकते.

हा विषय कोणत्याही एका विद्याशाखेचा नाही. उत्प्लावकतेचे गणित भौतिकशास्त्राचे, क्षरण रसायनशास्त्राचे, टेरेडो प्राणिशास्त्राचा, घसारा वाणिज्याचा आणि नोंदणी विधिशास्त्राची आहे. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेचे एकक आणि या विषयांचे अध्यापक एकत्र आले तर परिसरातील ग्रामपंचायतींना व मच्छीमार संस्थांना खरेदीपूर्व तपासणीची सूची तयार करून देणे, चाचणीच्या वेळी मोजमापास मदत करणे आणि मे महिन्यात गावातील नौकांची पाहणी करणे सहज शक्य आहे. अनुभवी तांडेल आणि होड्या बांधणारा सुतार यांचे ज्ञान या कामी अध्यापकांच्या ज्ञानाइतकेच, किंबहुना अधिक मोलाचे ठरेल. रायगड-पाचाडच्या डोंगरांवर पडलेला पाऊस काही तासांतच महाडच्या वेशीशी येतो. तेवढ्या अवधीत नौका विकत घेता येत नाही आणि दुरुस्तही करता येत नाही. तिची पारख त्यापूर्वी, कोरड्या दिवसांतच पूर्ण झालेली असावी लागते.